बोलायचं तर नीट बोलायचं

वाळलेलं सोयाबीन वाजतं. शेतातून नुसतं चालत गेलं तरी शेंगा पायाशी खुळखुळतात, आणि दुपारचं ऊन कडक असलं तर बांधावर बसल्या बसल्या शेंग तडकल्याचा बारीक आवाज येतो. तो आवाज आला की आमच्याकडची माणसं घाईला येतात. तडकलेल्या शेंगेतला दाणा मातीत जातो आणि मातीतला दाणा कोणी वेचत बसत नाही. वाशीमसारख्या गावात, पोस्टात नोकरी करणाऱ्या बापाच्या घरी वाढलेली मी; लग्न होऊन किन्हीराजाला आले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आता पोळ्या लाटता लाटता हवा बघून मी सांगू शकते, की उद्या सोंगणी, म्हणजे कापणी, लावावी लागेल.

यंदा दसरा उलटला, चार दिवस ऊन तापलं, आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, सकाळी शेतातून सोयाबीनचं एक झाड उपटून घेऊन आले. अंगणात उभं राहून त्यांनी ते नुसतं हलवलं. माझी सव्वाचार वर्षांची लेक अन्वी दात घासता घासता थांबली आणि तोंडातल्या फेसासकट म्हणाली, "आबा, झालं नं हे. कवा सोंगता? आज का उद्या? मी उद्या शाळेत नाही जात. मले उद्या पोट दुखनार आहे."

उद्याची पोटदुखी आजच जाहीर करणारी ही पोरगी सव्वादोन वर्षांची होईपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. आता कोणाला सांगितलं तर लोक हसतात. मीही हसते. पण दरवर्षी सोयाबीन वाजायला लागलं की एक दिवस मी उगाच तिच्या मागून हाक मारून बघते, आणि मग अन्वी काहीतरी बोलते, कटकट करते, खोटं बोलते, आणि मी कामाला लागते. हे दर सालचंच झालं आहे.

मी डी.एड. झालेली आहे. झाले आणि घरी बसले. भरती निघेल, निघेल म्हणता म्हणता लग्न झालं, आणि बालमानसशास्त्राचं जे काही डोक्यात साचलं होतं ते सगळं एका पोरीच्या अंगावर पडलं. ती तीन महिन्यांची होती तेव्हा मी बुटाचं खोकं फाडून त्यावर काळ्या मार्करने पट्टे आणि चौकोन काढले आणि पाळण्याच्या कडेला लावले. सहाव्या महिन्यात एका टोपलीत लाकडी चमचा, नारळाची शेंडी, मखमलीचा तुकडा आणि स्टीलची वाटी ठेवून तिला चाचपायला दिली. वर्षाची झाल्यावर परातीत पाणी आणि दोन पेले. दीड वर्षाला तूर, मूग आणि हरभरा वेगळे करणं. त्यातलं निम्मं ती वेगळं करायची आणि निम्मं नाकात घालायला बघायची, म्हणून मी शेजारी डोळ्यांत तेल घालून बसायची. मोबाईलवर आयांचा एक ग्रुप होता. तिथे कोणाचं बाळ पंधराव्या महिन्यात सात रंग ओळखायचं, कोणाचं प्राण्यांची नावं सांगायचं. मी ते वाचायची आणि दुसऱ्या दिवशी नवीन कार्डं कापायला बसायची.

हे सगळं वाईट होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओतताना त्या पोरीचे डोळे कसे व्हायचे ते मी पाहिलं आहे. नारळाची शेंडी गालाला लावून ती जी शहारायची, त्याचं सुख मला आजही आठवतं. खेळ चांगलेच होते. घाण केली ती मी घातलेल्या नियमाने.

नियम असा होता, की अन्वीशी बोलायचं तर नीट बोलायचं, पुस्तकातलं. नाहीतर बोलायचंच नाही.

हा नियम माझ्या डोक्यात कुठून आला तेही सांगते. डी.एड. झाल्यावर मी एका मोठ्या शहरात, एका खाजगी शाळेत मुलाखतीला गेले होते. चांगलं चाललं होतं. बोलण्याच्या भरात तोंडातून आपलं इकडचं बोलणं निसटलं, आणि टेबलापलीकडची बाई हसली. वाईट नाही हसली, गोड हसली. वाईट हसण्यावर भांडता तरी येतं. गोड हसण्याचा राग वर्षानुवर्षं पुरतो. परतीच्या गाडीत मी ठरवलं, की माझ्या लेकराला असं कोणी हसणार नाही. लेकरू तेव्हा जन्मायचं होतं, लग्नही व्हायचं होतं. पण माझं ठरलं होतं.

नवरा या नियमात फार अडकला नाही. त्याचा ट्रॅक्टर आणि हडंबा आहे, मळणीचं यंत्र; हंगामात तो या शेतातून त्या शेतात असतो आणि एरवीही घरी कमीच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. म्हणजे दिवसभर घरात आम्ही तिघंच, मी, अन्वी आणि मामाजी. नियम खरा लागला तो मामाजींना.

त्यांनी सुरुवातीला प्रयत्न केला. मला तो दिवस आठवतो. अन्वी त्यांच्या मांडीवर होती आणि समोर माझं कार्ड होतं. ते घसा खाकरून म्हणाले, "बेटा, हे... हे काय आहे बरं? हे सफरचंद... असते." आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "असतं." ते म्हणाले, "हो, असतं." मग त्यांनी कार्ड हळूच माझ्याकडे सरकवलं. पासष्ट वर्षांचा माणूस, गावात चार लोकांत शब्दाला मान असलेला, माझ्यापुढे तोंडी परीक्षेला बसल्यासारखा बसला होता. तेव्हा मला ते दिसलं नाही. मला फक्त 'असते' ऐकू आलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही.

मग ते हळूहळू गप्प झाले. भांडण नाही, रुसवा नाही. अन्वीला खांद्यावर घेऊन गोठ्यात जायचे, तिच्या तळहातावर कापसाचं बोंड ठेवायचे, कधी पोपटाचं पीस, कधी भुईमुगाची ओली शेंग, पण मुकाट्याने. जिभेने टकटक करायचे, भुवया उडवायचे. ती खिदळायची. आणि त्याच गोठ्यात, ती नसली की, डवरणीसाठी, म्हणजे कोळपणीसाठी, ठेवलेल्या जोडीतल्या मोऱ्या बैलाशी त्यांचं अखंड चालायचं. "काहून रे, काल जेवला नाही? वैरन गोड नाही लागत का तुले? म्हातारा झाला का तू बी?" बैलाला आमच्या घरात जे मिळत होतं ते माझ्या लेकीला मिळत नव्हतं. मी चुलीशी बसून हे ऐकायची आणि कार्डं कापायची.

दीड वर्ष झालं, बोलली नाही. मी म्हटलं, काही मुलं उशिरा बोलतात. पावणेदोन झालं. दोन झालं. ग्रुपमधली बाळं आता कविता म्हणत होती. मी ग्रुपवर लिहिणं सोडलं. कार्डं वाढवली. सकाळी अर्धा तास होतं ते दोन तास केलं. "हा कोणता रंग? सांग. सांग ना. लाल. म्हण, लाल." ती कार्डाकडे बघायची, मग माझ्याकडे, मग दाराकडे. पुढे पुढे मी हाक मारली तरी वळेनाशी झाली. हाक आली की परीक्षा आली हे तिला कळलं होतं. मला मात्र ते कळत नव्हतं.

अंगणवाडीतल्या ताईंच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी अर्थ दुसराच काढला. वजन करायला नेलं होतं. त्यांनी मागून दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा डबा वाजवला. अन्वीने मान हलवली नाही. ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "राग नको मानू बाई, पन पोरीचे कान दाखवून घे. उशीर नको करू." मी "बरं" म्हणाले. तिथून घर दहा मिनिटांवर आहे. मला ती दहा मिनिटं कशी गेली ते सांगता येत नाही. घरी येऊन मी स्टीलची ताटली तिच्या पाठीमागे आपटली. ती दचकली. मग मला वाटलं ताटलीचा धक्का फरशीला बसला म्हणून दचकली असेल. मग पुन्हा आपटली. त्या आठवड्यात मी त्या लेकराच्या पाठीमागे काय काय वाजवलं, देवालाच माहीत.

अकोल्याच्या एका दवाखान्यातली तारीख मिळाली ती नेमकी सोंगणीत. सोयाबीन कापून सुडी, म्हणजे ढीग, लावलेली, वर ताडपत्री, आणि आभाळ भरून आलेलं. नवरा म्हणाला, आठ दिवस पुढे ढकलू का. त्याच्याकडे मी नुसतं पाहिलं. मामाजी कोपऱ्यातून म्हणाले, "सुडी भिजली त भिजली. मी जातो संगं." त्या वर्षात त्यांचं माझ्यासमोर बोललेलं एवढं लांब वाक्य मला आठवत नाही.

तपासणीच्या वेळी पोरगी झोपलेली लागते, म्हणून तिला पहाटेपासून जागं ठेवायला सांगितलं होतं. आमच्या तालुक्याच्या मालेगावहून अकोल्यापर्यंत एस.टी.त मी तिला कार्डं दाखवत होते. सफरचंद. घोडा. छत्री. तिचे डोळे मिटायचे, मी हलवायची, पुन्हा सफरचंद. पलीकडच्या सीटवर मामाजी खिडकीबाहेर बघत होते. सगळीकडे शेतं कापून ठेवलेली, पिवळे ढीग, बायांच्या रांगा. एरवी हा माणूस अशा रस्त्याने गेला तर कोणाचं पीक कसं यावर बोलून बोलून शेजाऱ्याचे कान किटवतो.

दवाखान्यात तिला औषध पाजलं आणि ती झोपली. कपाळावर आणि कानांमागे चिकटपट्ट्या लावल्या, त्यांना वायरी. एवढंसं डोकं आणि एवढ्या वायरी. मी भिंतीला टेकून उभी राहिले. देवाला मी काही बोलले नाही, कारण देवाशी नीट बोलावं की आपलं बोलावं हेही मला त्या वेळी सुचत नव्हतं. हे आज हसण्यावारी नेते. तेव्हा मी त्या वायरी मोजत उभी होते.

तासाभराने तपासणाऱ्या मॅडमनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "दोन्ही कान उत्तम आहेत. सगळं ऐकू येतं हिला."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. मी खुर्चीत बसले आणि रडले, आणि मॅडमनी शांतपणे रडू दिलं. मग त्यांनी विचारलं, "घरी हिच्याशी कोण बोलतं?" मी डोळे पुसले आणि सुरू झाले. कार्डं, टोपली, पाणी, धान्य, रंग, आकार, कोणत्या महिन्यात काय केलं, सगळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "छान. आणि गप्पा?" मी म्हटलं, "म्हणजे?" त्या म्हणाल्या, "म्हणजे काही विचारायचं नाही, शिकवायचं नाही. नुसतं बोलायचं. ते कोण करतं?" मी पिशवीतली कार्डं सारखी करायला लागले. मॅडम म्हणाल्या, "तीन महिन्यांनी परत आणा. काही मुलांना खरंच उपचार लागतात, ते आपण बघू. पण तोपर्यंत घरात बोला." मी हो म्हणाले.

बाहेर आले. लांबलचक व्हरांड्यात बाकावर मामाजी बसले होते. मघाशी मी कागदपत्रं करायला आत थांबले तेव्हा अन्वीला त्यांच्याकडे दिलं होतं. ती त्यांच्या खांद्यावर गाढ झोपलेली. आणि मामाजी तिच्याशी बोलत होते. अगदी हळू आवाजात, डोलत डोलत, बराच वेळ चाललेलं असावं असं. "...अन् मंग आपन घरी जाऊ, मोऱ्या वाट पाह्यत असन, त्याले सांगू का आपली अन्वी ठीक आहे..." झोपलेल्या पोरीशी ते बोलत होते, कारण झोपलेली पोरगी काही शिकणार नव्हती. मला पाहिलं आणि ते गप्प झाले.

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. मी म्हणाले, "कान चांगले आहेत, मामाजी." त्यांनी डोळे मिटले आणि दोन वेळा मान हलवली. मग मी म्हणाले, "तुमी बोलत जा तिच्याशी."

त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "मी बोलीन त तिची जबान बिघडीन ना?"

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. ते खरंच विचारत होते. दोन वर्षं त्यांनी हे मनापासून मानलं होतं, की आपल्या तोंडून नातीला अपाय होईल. आणि हे त्यांना मी शिकवलं होतं, डी.एड. झालेलीने. मी म्हणाले, "मायं चुकलं, मामाजी. तुमी जसं मोऱ्याशी बोलता तसंच बोला." किती तरी वर्षांनी माझ्या तोंडून 'माझं'ऐवजी 'मायं' आलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, फक्त पोरीचं डोकं खांद्यावर नीट केलं.

परतीच्या गाडीत अन्वी जागी झाली ती पातूरच्या पुढे, घाटात. मामाजींनी तिला खिडकीशी उभं केलं. मग त्यांनी माझ्याकडे एकदा चोरून पाहिलं आणि सुरुवात केली. "हे पाह्य, माय, हे सागाचे झाडं. याचं पान एवढं मोठं रायते का तुया डोक्यावर धरलं त पानी नाही लागत. अन् ते पाह्य, वान्नेर. कसा बसला बाप्पा, जसा सरपंच." आधी अडखळत, मग सुटले. मेडशी आली तेव्हा म्हणाले, "अथी तुया आजीले मी पयल्यांदा पाह्यलं होतं. बाजारात. वांगे घेऊन राह्यली होती अन् मानसाशी भांडून राह्यली होती. मी म्हनलं, हेच पाह्यजे." हे मला लग्नाला चार वर्षं होऊनही कोणी सांगितलं नव्हतं. पोरगी आजोबांच्या तोंडाकडे बघत होती. खिडकीकडे नाही, तोंडाकडे. मी कार्डांची पिशवी पायाशी ठेवली होती, ती मालेगावला गाडीतच राहिली. मुद्दाम नाही, खरंच विसरले.

त्यानंतर घर बोलायला लागलं. घरी उरलेली कार्डं मी काढली नाहीत असं नाही, परातीतलं पाणीही चालूच राहिलं, पण आता मी विचारायची नाही. पाणी ओतता ओतता बोलायची, की हे पाणी बोअरचं आहे, बोअरची मोटर काल जळली, तुझा बाप चिडला. मुलांशी काय बोलावं हे इतकं सोपं असतं, ते मला अभ्यासक्रमात सापडलं नव्हतं.

दहा-बारा दिवस काही झालं नाही. मग एका दुपारी खळ्यात हडंबा चालू होता, कुटार, म्हणजे भुसा, उडत होतं, सगळ्यांची डोकी पिवळी झाली होती. मामाजी मोऱ्याला पाण्यावर नेत होते, अन्वी त्यांचं बोट धरून, आणि मी पोती सारखी करत वाटेतच उभी. अन्वी माझ्यासमोर थांबली. वर बघितलं. आणि म्हणाली, "सरक."

सफरचंद नाही, आई नाही. सरक. मी सरकले. मग पोत्यावर बसले आणि इतकी रडले, की नवऱ्याने यंत्र बंद केलं आणि कोणाचा हात अडकला का म्हणून धावत आला.

तीन महिन्यांनी अकोल्याला नेलं तेव्हा मॅडमनी फक्त एक प्रश्न विचारला आणि पुढची दहा मिनिटं त्यांना बोलायला जागाच मिळाली नाही. आता ती माझ्याशी पुस्तकातलं बोलते, आजोबांशी त्यांचं, शाळेतल्या बाईंशी तिसरंच काहीतरी. तिला यात काही अवघड वाटत नाही. ते अवघड एकट्या मलाच वाटत होतं.

राहता राहिली माझी अपराधाची गोष्ट. ती मी कोणाला सांगितली नव्हती. अन्वी मोठी झाली की तिला सांगायचं, की दोन वर्षं तुझ्या आजोबांचं तोंड मी बंद केलं होतं, असं ठरवलं होतं. मोठी म्हणजे किती, ते ठरवलं नव्हतं.

परवा सोंगणीचा पहिला दिवस होता. पोटदुखी अर्थातच झाली, शाळा अर्थातच बुडाली. दुपारी बांधावर निंबाखाली आम्ही जेवायला बसलो. भाकर, ठेचा, वांग्याची भाजी. अन्वीचं तोंड चालूच, जेवायलाही आणि बोलायलाही. दरवर्षी सोंगणीला येणाऱ्या यमुनाबाई हसून म्हणाल्या, "काय पोट्टी आहे व बाई, तोंडाले दम म्हून नाही. अन् लायनपनी मुकी होती म्हनत."

अन्वी घास हातात घेऊन थांबली. "मी मुकी होती, आबा?"

माझा हात भाजीच्या डब्यात तसाच राहिला. आलीच वेळ, मला वाटलं. सांगावं लागेल, इथेच, सगळ्या बायांसमोर. मी बोलायला तोंड उघडलं, पण मामाजी माझ्याआधी बोलले.

"तू नाही, माय. मी होतो मुका."

"तुमी?"

"हाव. दोन वर्सं."

तिने त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. "मंग?"

"मंग तुया मायनं मले अकोल्याले नेलं. मोठ्या दवाखान्यात."

"सुई देल्ली?"

"नाही. सुई नाही, गोयी नाही. येतानी गाडीतच आवाज आला."

यमुनाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मामाजी भाकर मोडत होते, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. माझ्या डोळ्यांना काही दिसेनासं झालं होतं. अन्वीने थोडा विचार केला, घास तोंडात टाकला आणि माझ्या गुडघ्यावर तेलाचा हात ठेवून म्हणाली, "बरं केलं व आई, तू आबाले नेलं."